प्रोबेटची सक्ती गेली. वारसांना कळवणार कोण?

संसदेच्या 2025 च्या हिवाळी अधिवेशनात संमत झालेला एक कायदा फारशा चर्चेविना राजपत्रात गेला. ‘निरसन व सुधारणा अधिनियम’ हे त्याचे नाव. कालबाह्य झालेले 71 कायदे रद्द करणे हा त्याचा मुख्य हेतू असल्याने बहुतेकांनी त्याकडे वर्षअखेरच्या झाडलोटीसारखे पाहिले. या झाडलोटीत भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 मधील कलम 213 वगळण्यात आले. मृत्युपत्राच्या आधारे न्यायालयात हक्क सांगायचा असेल, तर आधी त्या मृत्युपत्राचे ‘प्रोबेट’, म्हणजे ते खरे आणि अखेरचे असल्याचा सक्षम न्यायालयाचा दाखला, मिळवलाच पाहिजे, अशी अट या कलमात होती. कोलकाता, मुंबई आणि चेन्नईतील वकिलांच्या कित्येक पिढ्या या एका कलमावर पोसल्या गेल्या, असे म्हटले तरी चालेल.

ही अट सर्व भारतीयांना कधीच लागू नव्हती. हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांच्या बाबतीत मृत्युपत्र पूर्वीच्या बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या अमलाखालील प्रदेशात अथवा मुंबई व मद्रास उच्च न्यायालयांच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्रात केलेले असेल, किंवा तेथील स्थावर मिळकतीविषयी असेल, तरच ती लागू होई. पारशी समाजाला 1962 च्या दुरुस्तीने तीन महानगरांच्या हद्दीपुरते त्याच नियमाखाली आणले गेले. मुस्लिमांना ती लागू नव्हती. भारतीय ख्रिश्चनांची तिच्यातून 2002 मध्ये सुटका झाली. परिणामी पुण्यात राहणाऱ्या कुणी आपल्या पुण्यातील वाड्याविषयी केलेले मृत्युपत्र घेऊन त्याची लेक थेट दिवाणी न्यायालयात उभी राहू शके. वाड्याऐवजी गिरगावातले घर असले, की तिला आधी उच्च न्यायालयाच्या मृत्युपत्र विभागाची पायरी चढावी लागे. दिल्ली, लखनौ, जयपूर येथील हिंदू कुटुंबांना या कलमाचे नावही ठाऊक नसे. ही सीमारेषा 1 सप्टेंबर 1870 रोजीच्या नकाशावरून काढलेली होती. त्या वेळच्या बंगालमध्ये आजचा बिहार, झारखंड आणि ओडिशा व आसामचा बराचसा भाग येत होता, त्यामुळे त्या राज्यांतही आपल्याला ही अट लागू आहे की नाही, यावर दीर्घकाळ खल चालत राहिला.

सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये, क्लॅरेन्स पैस प्रकरणात, हा भेद धर्माचा नसून इतिहासाचा व भूगोलाचा आहे, असे सांगून कलम कायम ठेवले. विधी आयोगाने 2008 मधील आपल्या 209 व्या अहवालात मात्र ते वगळण्याचीच शिफारस केली. शिफारशीनंतर 17 वर्षांनी ते गेले. त्याचे मला दुःख नाही. ज्या नियमाचे समर्थन केवळ ‘तो आधीपासून आहे’ एवढ्यावरच करता येते, तो जाणेच योग्य होते.

परंतु प्रोबेटची सक्ती आणि प्रोबेटचे कार्यालय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सक्ती गेली, प्रोबेट मिळवण्याची सोय कायद्यात आजही आहे आणि ज्याला हवे तो ते मागू शकतो. माझी चिंता अशी, की सक्तीच्या निषेधात आपण त्या कार्यालयाचे खरे काम कोणते होते, हे विचारायलाच विसरलो. मृत्युपत्रावर शिक्का मारणे हा त्या कामाचा लहानसा भाग होता. मोठा भाग होता तो कळवण्याचा. मृत्युपत्र नसते तर ज्यांना वाटा मिळाला असता अशा प्रत्येकाला शोधून, ‘असा एक कागद पुढे आला आहे, तुमचे काही म्हणणे असेल तर या’ असे सांगण्याचा.

हे काम प्रत्यक्ष कसे चालते, हे मला उच्च न्यायालयात नव्हे, तर पश्चिम बंगालमधील एका जिल्हा न्यायालयात उमगले. उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम 265 मध्ये एक तरतूद आहे. जिथे कुणाचीही हरकत नाही, अशी प्रोबेटची प्रकरणे निकाली काढण्यासाठी उच्च न्यायालय जिल्ह्यातील एखाद्या न्यायिक अधिकाऱ्याला ‘डिस्ट्रिक्ट डेलिगेट’, म्हणजे जिल्हा न्यायाधीशाचा प्रतिनिधी, म्हणून नेमू शकते. बंगालच्या जिल्ह्यांत ही व्यवस्था आजही जिवंत आहे. हरकत आली, की डेलिगेटचे हात थांबतात आणि प्रकरण जिल्हा न्यायाधीशाकडे जाते. हरकत नसेल तर सारे काम त्या एका दालनात आणि त्याबाहेरच्या बाकांवर उरकते.

बाकांवर बसलेले असतात ते ‘मुहुरी’, म्हणजे वकिलांचे कारकून. घरात मृत्यू झाला, तेराव्याचे विधी आटोपले, की कुटुंबातील कुणीतरी प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन यांच्यापुढे येते. कायद्यानुसार मृत्यूनंतर सात दिवस प्रोबेट देता येत नाही, आणि मृत्युपत्र नसेल तर मिळकतीच्या व्यवस्थापनाचा अधिकार चौदा दिवस देता येत नाही. पण इतक्या घाईने कुणी येतच नाही. मुहुरी आधी मृत्युपत्र पाहतो. दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत का? त्यांपैकी निदान एक हयात आहे का, आणि तो कुठे राहतो? मृत्युपत्रात व्यवस्थापक नेमला आहे का? नेमला असेल तर त्याला प्रोबेट मिळते. नसेल तर लाभार्थ्याला ‘मृत्युपत्रासह व्यवस्थापनपत्र’ मागावे लागते, आणि जामीनदाराची गरजही पडू शकते. मग तो एक असा प्रश्न विचारतो, की समोरच्याचा चेहरा किंचित उतरतो: ‘कागद नसता तर कोणाकोणाला मिळाले असते? सगळ्यांची नावे-पत्ते सांगा.’

अर्जात ती यादी द्यावी लागते. त्यानंतर निघते ‘सायटेशन’, म्हणजे हितसंबंधितांना दिलेली नोटीस. तिची एक प्रत न्यायालयाच्या इमारतीत ठळक जागी आणि दुसरी जिल्हाधिकारी कार्यालयात लावावी, असे कलम 283 सांगते. भिंतीवरच्या त्या कागदाकडे येणारा-जाणारा पाहतही नाही, हे खरे. पण टपालाने घरी गेलेली नोटीस वाचली जातेच.

मी तिथे पाहिलेले एक प्रकरण साधे होते, म्हणूनच सांगतो. निवृत्त शिक्षिका वारली. मागे एक जुने दुमजली घर, काही मुदत ठेवी आणि थोडे सोने. आपल्यापाशी राहून शेवटपर्यंत शुश्रूषा करणाऱ्या अविवाहित मुलीच्या नावे तिने घर लिहून ठेवले होते. ठेवी तिन्ही मुलांत वाटल्या होत्या. दोन मुलगे बाहेर. एक बंगळूरला, दुसरा आखातात. थोरल्याला नातेवाइकांकडून कळले होते, की बहिणीने आजारी आईचा अंगठा घेतला. नोटीस मिळाल्यावर तो तडक न्यायालयात आला. लिपिकाने फाइल काढली, मूळ मृत्युपत्र त्याच्यापुढे ठेवले आणि तो ते उभ्याउभ्याच वाचू लागला. तिथे अंगठा नव्हताच. आईची सही होती. शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर वर्षानुवर्षे असे तशीच वळणदार सही. तारीख आजारपणाच्या पाच वर्षे आधीची होती. एक साक्षीदार त्याच्या वर्गमित्राचा बाप निघाला. त्याने हरकत घेतली नाही. तो आनंदाने परतला असे मी म्हणणार नाही. घर गेल्याचे त्याच्या चेहऱ्यावर होते. पण बहिणीविषयी त्याने मनात धरलेली गोष्ट खोटी होती, हे त्याला बहिणीच्या तोंडून नव्हे तर एका परक्या टेबलावर कळले, आणि त्यामुळेच ते त्याला पटले.

कुटुंबाला मदत म्हणजे काय, असे मला कुणी विचारले, तर मी त्या टेबलाकडे बोट दाखवीन. घरातल्या घरात हे घडत नाही. मृत्युपत्र ज्याच्या कपाटात असते त्याच्यावर इतरांचा विश्वास नसतो, आणि ज्याला दाखवायचे तो विचारायला लाजतो. कागद त्रयस्थाच्या हाती गेला, की प्रत्येकाला मान न घालवता तो पाहता येतो.

ही झाली चांगली बाजू. दुसरी बाजू महानगरांत दिसते. तिथे बिनविरोध अर्जाचेही महिने सरतात: छाननीतील त्रुटी, मूल्यांकनाचे प्रतिज्ञापत्र, वृत्तपत्रातील जाहिरात, राज्यागणिक वेगळे असणारे न्यायालयीन शुल्क. एखाद्याने कॅव्हेट दाखल करून हरकत घेतली, की अर्जाचे रूपांतर दाव्यात होते आणि मग कालमर्यादा उरत नाही. कोलकात्यातील प्रियंवदा बिर्ला 2004 मध्ये निवर्तल्या. आपल्या सनदी लेखापालाच्या नावे त्यांनी केलेल्या मृत्युपत्रावरून पेटलेला वाद दोन दशके न्यायालयांत फिरत राहिला. तो अब्जावधींचा होता म्हणून गाजला. पण साध्या सदनिकांवरूनही दावे पिढ्यानपिढ्या चालतात, त्यांची बातमी होत नाही. मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल तर ती दूर करण्याचा भार ते पुढे आणणाऱ्यावर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्ये वेंकटाचल अय्यंगार प्रकरणात सांगितले. तत्त्व रास्तच आहे, पण त्याच्या आधारे कुणीही नाराज भाऊ दहा वर्षे सहज घालवू शकतो.

आणि एवढे करून प्रोबेट मिळाले तरी मिळकत मृताच्या मालकीची होती की नाही, हे ठरतच नाही. प्रोबेट न्यायालय फक्त कागद खरा आहे का एवढेच पाहते. मालकीचा प्रश्न त्याच्या कक्षेत नाही, हे 1993 च्या चिरंजीलाल गोएंका प्रकरणापासून स्पष्ट आहे. सामान्य माणसाला हा फरक कुणी समजावून सांगत नाही. वर्षभर हेलपाटे घालून मिळालेला दाखला घेऊन तो घरी जातो, आणि मग चुलतभाऊ दावा लावतो.

म्हणून कलम 213 गेल्यावर अनेकांनी सुटकेचा श्वास टाकला. यापुढे मृत्युपत्र दाखवले की काम होईल, असा समज पसरला आहे. तो पुरता खरा नाही. गेलेले कलम न्यायालयाला उद्देशून होते. प्रोबेटशिवाय व्यवस्थापकाचा किंवा लाभार्थ्याचा हक्क ‘कोणत्याही न्यायालयात’ प्रस्थापित होणार नाही, एवढेच ते म्हणत होते. बँकेचा शाखाधिकारी, गृहनिर्माण संस्थेचा सचिव, महापालिकेच्या मालमत्ता कर विभागातील लिपिक यांना त्याने काही सांगितले नव्हते. तरीही ते प्रोबेट मागत, कारण त्यांना स्वतःची भीती असते. आज हिला पैसे दिले आणि उद्या दुसरी कुणी दुसरे मृत्युपत्र घेऊन आली, तर? प्रोबेट किंवा वारसा प्रमाणपत्र पाहून सद्भावनेने पैसे देणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. साध्या मृत्युपत्राकडे पाहून देणाऱ्याला तेवढे देत नाही. कलम गेल्याने ही भीती गेलेली नाही. त्यामुळे सक्ती पुस्तकातून उठली, तरी काउंटरवर राहील. फरक इतकाच, की आता ती प्रत्येक काउंटरची वेगवेगळी असेल.

मृत्युपत्र नसलेल्या घरांची, आणि आपल्या देशात बहुसंख्य घरे तशीच आहेत, स्थिती याहून गुंतागुंतीची आहे. बंगालमध्ये पंचायत प्रधान किंवा नगरसेवक ‘वारिशान’ दाखला देतो. तमिळनाडूत तहसीलदार वारस दाखला देतो. कर्नाटकात शेतजमिनीसाठी ‘पौती खाते’, उत्तर प्रदेशात लेखपालाने नोंदवायची ‘वरासत’. महाराष्ट्रात 1827 च्या मुंबई विनियमाखाली दिवाणी न्यायालय वारस दाखला देते, तर तलाठ्याकडे वारस नोंद वेगळी होते. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी राज्याला 2025 मध्ये ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीमच काढावी लागली. उत्तराधिकार अधिनियमाखालील वारसा प्रमाणपत्र तर केवळ येणे रकमा आणि रोख्यांपुरते असते. घर किंवा जमीन त्यात येतच नाही. प्रत्येक कागद काहीतरी सिद्ध करतो, पण सगळे सिद्ध करणारा एकही नाही. नवरा गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षात एखाद्या विधवेला किती टेबलांपुढे ‘मी त्यांची पत्नी’ असे सांगावे लागते, याची मोजदाद कुठल्याच खात्याकडे नसावी.

या गोंधळाची एक किंमत मात्र मोजलेली आहे. दहा वर्षे दावा न झालेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जमा होतात. मार्च 2024 अखेर ही रक्कम 78,213 कोटी रुपये होती. हा सगळा पैसा मृतांचाच आहे असे नव्हे. विसरलेली खातीही त्यात आहेत. पण वारसांना माहीत नसलेल्या किंवा माहीत असूनही कागदांपायी सोडून दिलेल्या ठेवींचा त्यात वाटा आहे, हे कोणताही शाखाधिकारी सांगेल. रिझर्व्ह बँकेने 2023 मध्ये अशा ठेवी शोधण्यासाठी ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केले. सप्टेंबर 2025 मध्ये तिने आणखी पुढचे पाऊल टाकले: नॉमिनी नसलेल्या खात्यांतही व्यापारी बँकांनी 15 लाखांपर्यंत आणि सहकारी बँकांनी पाच लाखांपर्यंतचे दावे सोप्या पद्धतीने, कागदपत्रे पूर्ण झाल्यापासून 15 दिवसांत निकाली काढावेत, विलंब झाल्यास व्याजाने भरपाई द्यावी. अंमलबजावणीसाठी बँकांना 31 मार्च 2026 पर्यंतची मुदत दिली गेली. 1 नोव्हेंबर 2025 पासून एका खात्याला चार नॉमिनीही ठेवता येतात.

ही पावले स्वागतार्ह आहेत. त्यांत एक जुना घोटाळा मात्र तसाच राहिला. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. विमा पॉलिसीबाबत हे सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये सरबती देवी प्रकरणात सांगितले, शेअरबाबत डिसेंबर 2023 मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात पुन्हा सांगितले. विम्याच्या कायद्यात 2015 मध्ये जोडीदार, आईवडील व मुले यांच्यापुरता अपवाद झाला. इतरत्र नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा विश्वस्तच आहे. बँकेने नॉमिनीला रक्कम दिली, की बँकेची जबाबदारी संपते. त्या नॉमिनीने ती इतर वारसांना द्यायची आहे, हे त्या वारसांना कोण सांगते? बँक सांगत नाही. ते तिचे कामही नाही. सोय आहे ती देणाऱ्याची, घेणाऱ्यांची नव्हे.

इथे प्रश्न मुलींचा येतो, आणि माझ्या मते सगळा विषय शेवटी तिथेच येऊन ठेपतो. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. 2020 च्या विनीता शर्मा निकालाने त्यातील शंका मिटवल्या. कायद्यात दार उघडले तसे समाजाने ते बंद करण्याचे दोन मार्ग शोधले. एक हक्कसोडपत्राचा. राजस्थानात ‘हक त्याग’ हा जवळजवळ विधीच झाला आहे. भाऊ साडी-चोळी देतो, बहीण अंगठा देते. दुसरा मृत्युपत्राचा. स्वकष्टार्जित मिळकतीपुरता बाप मुलीला पूर्णपणे वगळू शकतो, आणि हिंदू कायद्यात त्याला अटकाव नाही. म्हणून मृत्युपत्र हे सोय म्हणून जितके वापरले जाते, तितकेच मुलीला दूर ठेवण्याचे हत्यार म्हणूनही.

प्रोबेटच्या सक्तीने हे हत्यार बोथट होत नव्हते. वगळलेल्या मुलीला वाटा मिळत नव्हता. तिला फक्त आधी कळत होते. बापाने खरोखर तसे लिहिले का, सही त्याची आहे का, त्या तारखेला तो शुद्धीवर होता का, हे विचारण्याची एक संधी तिच्या सासरच्या पत्त्यावर टपालाने येत होती. आता भाऊ नोंद न केलेले मृत्युपत्र घेऊन तहसील कार्यालयात गेला, तर काही राज्यांत फेरफाराची नोटीस निघेल, काही ठिकाणी ती चावडीवर लागेल, आणि दीडशे कोस दूर दिलेल्या लेकीपर्यंत पोचेलच असे नाही. महसुली नोंदीने मालकी सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा बजावले आहे. पण बारा वर्षांनी ती जमीन दोनदा विकली गेलेली असते.

यावर उपाय म्हणून सक्ती परत आणा, असे मी म्हणत नाही. उपाय शोधण्यासाठी फार दूरही जावे लागत नाही. इंग्लंडने 1857 मध्येच चर्चच्या न्यायालयांकडून हे काम काढून घेतले आणि बिनविरोध प्रोबेटसाठी जिल्हा नोंदणी कार्यालये उभारली. तिथे बहुसंख्य अर्ज न्यायाधीशापर्यंत जातच नाहीत. आपण त्यांचा कायदा घेतला, कार्यालय घेतले नाही. पण जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. पोर्तुगीज परंपरेतून आलेली तेथील व्यवस्था 2012 च्या उत्तराधिकार, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कायद्यात एकत्र केली गेली आणि 2016 पासून अमलात आली. तिथे दुय्यम निबंधकच विशेष नोटरी असतो. घरातला कर्ता किंवा कुटुंबाची माहिती असलेली माणसे त्याच्यापुढे वारस कोण, हे शपथेवर सांगतात. तो ‘उत्तराधिकार विलेख’ तयार करतो, त्याची वृत्तपत्रात जाहिरात होते, हरकतीला वाव राहतो. वाद असेल किंवा वाटणी जमत नसेल, तरच इन्व्हेंटरी कार्यवाहीसाठी न्यायालय. गोव्यात मुलांना मिळकतीतून पूर्णपणे वगळताही येत नाही, त्यामुळे तेथील नोटरीचे काम काहीसे सोपे आहे, हे मान्य करायला हवे. इन्व्हेंटरीची प्रकरणे तिथेही रेंगाळतात. तरी वारस कोण एवढे ठरवण्यासाठी न्यायाधीशच हवा असे नाही, हे गोमंतकाने दाखवून दिले आहे.

उरलेल्या देशात यासाठी नवा कायदाही लागणार नाही. कलम 265 आहेच. प्रत्येक उच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात, मोठ्या जिल्ह्यांत प्रत्येक उपविभागात, डेलिगेट नेमावा. बिनविरोध प्रोबेट, व्यवस्थापनपत्र आणि वारसा प्रमाणपत्र यांसाठी एकच खिडकी असावी. वारसा प्रमाणपत्राचे अधिकार कनिष्ठ न्यायालयांना देण्याची सोय कायद्यात आधीच आहे. शुल्क माफक ठेवावे. मृत्युपत्र नसतानाचे वारस कोण, याची यादी अर्जदाराच्या शब्दावर न सोडता शिधापत्रिका, शाळेचे दाखले, विवाह नोंदणी यांच्याशी ताडून पाहावी. आणि नोटीस प्रत्येकाला, त्याच्या भाषेत, टपालाने आणि मोबाइलवर, दोन्ही मार्गांनी जावी. मुलीला पाठवलेली नोटीस माहेरच्या पत्त्यावर जाणार नाही, एवढी दक्षता घेतली तरी पुष्कळ होईल.

न्यायालयांवर आधीच भार आहे, त्यात ही भर कशाला, असे काही न्यायाधीश मला विचारतात. हा आक्षेप दुर्लक्षिण्यासारखा नाही. पण बिनविरोध प्रकरणातून न वाटलेल्या मिळकतीचे जे वाटपाचे दावे पुढे वीस वर्षे चालतात, ते याच न्यायालयांत येतात. आज जो मुलगा टेबलावर कागद पाहून परत जातो, तोच कागद न पाहता दहा वर्षांनी दावा घेऊन येतो. दुसरा आक्षेप दलालांचा. खिडकी उघडली की तिच्याबाहेर एजंट उभा राहतोच, हे आपल्या प्रत्येक दुय्यम निबंधक कार्यालयाने शिकवले आहे. तो टाळण्याचा एकच मार्ग मला दिसतो: अर्जाचा नमुना एका पानाचा आणि इतका सोपा असावा, की मुहुरीची गरज ज्याला वाटेल त्यालाच पडावी. बंगालमधले ते मुहुरी मला लबाड वाटले नाहीत, उलट वकिलांपेक्षा जास्त शहाणे वाटले. पण सगळीकडे तसे नशीब नसते.

या सगळ्यात एक जुनी, जवळजवळ विस्मृतीत गेलेली सोयही कामी येऊ शकते. नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 42 नुसार कुणीही आपले मृत्युपत्र मोहोरबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे जमा करू शकतो. ते आगीपासून सुरक्षित अशा पेटीत ठेवायचे, असे कायदाच सांगतो. मृत्यूनंतर कुणीही अर्ज केला, की अर्जदाराच्या समक्ष पाकीट उघडले जाते, आणि त्यातील मजकुराची नोंदवहीत नक्कल केली जाते. बनावटीला आणि कपाटातून गायब होण्याला यापेक्षा चांगले उत्तर नाही. अडचण एवढीच, की पाकीट ठेवणारा वारला हे निबंधकाला कळत नाही. अर्ज करायला कुणी आलेच नाही, तर ते पेटीतच राहते. जन्म-मृत्यू नोंदणीचा राष्ट्रीय विदासंच 2023 च्या दुरुस्तीने तयार होत आहे आणि तो मतदार यादी, शिधापत्रिका यांसारख्या इतर नोंदींशी जोडण्याची मुभा त्याच दुरुस्तीत आहे. जोडणीच्या त्या यादीत जिल्हा निबंधकाच्या पेटीचाही समावेश करता येईल. मृत्यूची नोंद झाली, की पाकीट कुठे आहे ते वारसांना आपोआप कळवले जावे, यासाठी राज्यांच्या नोंदणी महानिरीक्षकांचे एक परिपत्रक पुरेल.